बाराव्या वर्षी कोणी असं बोलतं का?

कथास्पर्धेच्या परीक्षणाला बसलं की एक वाक्य हमखास कानावर येतं. कथा वाचून झालेली असते, चहा आलेला असतो आणि कोणीतरी कागद पुढे सारत म्हणतं, “बाकी ठीक आहे हो, पण ही पोरगी बारा वर्षांची आहे ना? बाराव्या वर्षी कोणी असं बोलतं का?” जळगावला ऐका, धुळ्याला ऐका, शहाद्याला ऐका. पुण्या-मुंबईहून साभार परत आलेल्या कथेवरचा शेराही बहुतेक वेळा हाच असतो, फक्त भाषा जरा इस्त्रीची: ‘पात्राची मानसिक प्रगल्भता वयाशी विसंगत.’ याचंच उलटं टोक म्हणजे ‘नायक चाळिशीचा, पण वागतो कॉलेजातल्या पोरासारखा’. दोन्हीकडे गृहीत एकच. अमुक वयाला अमुक समज, आणि पात्राने ती हद्द ओलांडली की लेखकाचा हात चुकला.

मला हे गृहीतच मान्य नाही. वय आणि समज यांचा मेळ बसत नाही म्हणून कथा फसत नाही. पात्र सगळ्या अंगांनी एकसारखं शहाणं, नाहीतर एकसारखं अजाण रंगवलं की ती फसते. केळीचा घड पाहिलाय ना? वरच्या फण्या आधी भरतात, खालच्या मागे राहतात आणि दोन्ही एकाच दांड्याला असतात. सगळा घड एकदम, एकसारखा पिवळा हवा असेल तर तो रायपनिंग चेंबरमध्येच घालावा लागतो. आपल्या कथांतली बरीचशी मुलं त्या चेंबरमधून आलेली आहेत.

आधी परीक्षकाची बाजू घेतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. बाप गेलेला आहे, कर्ज डोक्यावर आहे, आणि दहा वर्षांचा मुलगा सरणाकडे बघत म्हणतो की बाबा, तुम्ही हरला नाहीत, व्यवस्था हरली. अशा कथा आमच्याकडे ढिगाने येतात. हे वाक्य त्या मुलाचं नाही. लेखकाने मागच्या महिन्यात कुठल्यातरी पुरवणीत लेख लिहिला, त्यात ते बसलं नाही, म्हणून ते या पोराच्या तोंडी आलं. परीक्षकाला खटकतं ते बरोबरच खटकतं. पण मग तो उपाय सुचवतो: ‘मुलगा पंधरा-सोळाचा करा.’ इथे गाडी घसरते. ते वाक्य पंधराव्या वर्षी खोटं आहे, पंचविसाव्या वर्षी खोटं आहे आणि पन्नाशीच्या माणसानेही सरणापुढे उभं राहून म्हटलं तरी खोटंच आहे. बाप जळत असताना कोणी व्यवस्थेबद्दल बोलत नाही. पुढचं मडकं कोणी धरायचं, मावशी अजून आली नाही, आईला सावलीत बसवा, असं काहीबाही बोलतात. दोष वयाचा नव्हता, प्रसंगाचा होता. वय समोर दिसलं म्हणून खापर त्याच्यावर फुटलं.

आता दुसरी बाजू. दिवाळीच्या आसपास पारोळा-एरंडोल पट्ट्यात कुठल्याही कापसाच्या शेतावर संध्याकाळी जाऊन उभं राहावं. दिवसभर वेचलेल्या कापसाची गाठोडी बांधावर येतात, काटा लागतो, किलोवर मजुरी ठरलेली असते. अशाच एका काट्याशी एक मुलगी पाहिली. बारा-तेराची असेल. आई निरक्षर, म्हणून वही हिच्याकडे. प्रत्येकीचं वजन ती लिहून घेत होती, आधी घेतलेली उचल वजा करत होती, कोणाच्या गाठोड्यात कवडी, म्हणजे किडका-खराब कापूस, जास्त आहे हेही तिच्या नजरेतून सुटत नव्हतं. मालकाने आईच्या वजनातून ओलीपोटी अर्धा किलो कापला, तशी वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, “आर्धा किलो कसाना काटी ऱ्हायनात? कापूस वल्ला नही शे.” आवाज चढलेला नव्हता, रडवेलाही नव्हता. मालक हसला, “भलती शानी शे तुन्ही पोर,” असं आईला म्हणाला आणि अर्धा किलो परत धरला.

मग ट्रॉली भरली. कापसाच्या ढिगावर कोणी बसायचं यावरून तिचं धाकट्या भावाशी जुंपलं. आईने भावाची बाजू घेतली, तर ही भोकाड पसरून रडली. थोड्या वेळाने बांधावर विसरलेली पाण्याची कळशी आणायला सांगितली, तर नाल्याजवळच्या चिंचेवर काहीतरी आहे म्हणून एकटी जायला तयार होईना. पदर धरून उभी राहिली. मघाशी मालकाशी हिशेबाला भिडलेली हीच का ती, असं वाटावं.

हीच ती. आणि लेखकाची कसोटी इथेच आहे. हळवा लेखक काट्याचा प्रसंग ठेवेल आणि चिंचेचा गाळेल, कारण त्याला ‘कणखर मुलगी’ हवी आहे. शहरातला परीक्षक चिंचेचा ठेवायला सांगेल आणि काट्याचा गाळायला, कारण त्याला ‘निरागस मुलगी’ हवी आहे. दोघांनी मिळून तिचा अर्धा जीव घेतला. मी जर ती कथा लिहिली तर या दोन प्रसंगांमध्ये एक ओळसुद्धा स्पष्टीकरणाची घालणार नाही.

मानसशास्त्राचा दाखला देऊन पात्राचं वय तपासायची आता टूम आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेने सांगितलेल्या टप्प्यांप्रमाणे अकरा-बारा वर्षांपर्यंत अमूर्त विचार येत नाही, मग तुमची नायिका दहाव्या वर्षी असा विचार कसा करते, असं एका चर्चेत मी ऐकलं आहे. गंमत अशी की खुद्द पियाजेनेच १९७२ साली आपल्या मांडणीला मुरड घातली होती. माणूस ज्या कामात, ज्या क्षेत्रात मुरलेला असतो तिथे त्याची तर्कबुद्धी पोचते, सगळीकडे सारखी नाही, असं तो म्हणाला. त्याहून बोलका अभ्यास १९८५ साली ब्राझीलमधून आला. रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, भाजी वगैरे विकणाऱ्या नऊ ते पंधरा वर्षांच्या पाच मुलांना संशोधकांनी आधी गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले. जवळजवळ सगळी, म्हणजे ९८ टक्के, उत्तरं बरोबर. मग तशाच आकडेमोडी कागदावर, शाळेच्या पद्धतीने घातल्या, तर बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली. मुलं तीच, डोकं तेच. मुलं पाचच होती हे खरं, पण आठवडे बाजारात वांगी मोजून देणारी पोरं ज्याने पाहिली आहेत त्याला या निकालाचं नवल वाटणार नाही. या मुलांचं ‘बौद्धिक वय’ किती लिहायचं?

भावनांच्या बाजूनेही तीच तऱ्हा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी भारतासह अकरा देशांत दहा ते तीस वयाच्या पाच हजारांवर लोकांचा अभ्यास केला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. शांतपणे, वेळ घेऊन विचार करायची कुवत सोळाच्या सुमारास मोठ्यांइतकी होते; पण राग आलेला असताना, मित्र बघत असताना स्वतःला आवरायची कुवत अठरा उलटली तरी पुरती आलेली नसते. एकाच माणसात दोन घड्याळं, दोन्हींची वेळ वेगळी. आपल्या कायद्यालाही हे अर्धवट कळलेलं आहे. एरवी अठरा म्हणजे अठरा. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सोळा ते अठराच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला असेल, तर त्याला परिणामांची समज होती का, हे मंडळाने आधी पाहायचं असतं. आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, पण शाळा सुटल्यावर घरच्या शेतात त्याने मदत केलेली चालते. थोडक्यात, कायद्याच्या लेखीही काट्यापाशी वही धरणारी मुलगी कोण हे एका आकड्यात मावत नाही. कथेने तरी का मावावं?

पण मला सर्वात जवळचा दाखला सापडतो तो प्रयोगशाळेत नाही, तापीकाठी. मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव नावाचं गाव आहे, तिथे त्याच नावाचं जुनं दगडी मंदिर आहे. त्याच टापूत कोथळी आणि मेहूण ही मुक्ताबाईची स्थानं. चांगदेवाची कथा आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते: चौदाशे वर्षं जगलेला योगी, वाघावर बसलेला, हातात सापाचा चाबूक. त्यातला वाघ आणि साप सगळ्यांच्या लक्षात राहतो. माझ्या मते कथेचा गाभा त्याच्या आधीच्या पत्रात आहे. चांगदेवाला ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं, पण मायना काय लिहावा ते सुचेना. वयाने पोर, म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने थोर. थोर म्हणून नमस्कार लिहावा, तर आपण चौदाशे वर्षांचे. शेवटी त्याने कोराच कागद पाठवला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोरा तो कोराच राहिला. पुढे याच चांगदेवाने तिला गुरू केलं. परंपरेने मानलेल्या सनांप्रमाणे मुक्ताबाई १२७९ ते १२९७, म्हणजे उणंपुरं अठरा वर्षांचं आयुष्य.

पात्राच्या वयाबद्दल अडखळणाऱ्या प्रत्येक परीक्षकाच्या हातात तो कोरा कागद आहे. त्यालाही मायना सुचत नाही.

यावर लगेच उत्तर येतं की अहो, ती संतमंडळी, अवतारी माणसं, त्यांना आपली मोजपट्टी कशाला? ठीक. पण या कथा रचल्या-सांगितल्या त्या साध्यासुध्या माणसांनी, कीर्तनकारांनी, आजीबायांनी. आणि त्यांनी मुक्ताबाईला एकसारखी शहाणी ठेवलेली नाही. याच मुक्ताबाईला मांडे करायला खापर मिळेना, विसोबाने कुंभारांना देऊ दिलं नाही, तर ती रडत घरी आली, असं तीच परंपरा सांगते. मग ज्ञानेश्वरांनी पाठ तापवली आणि तिने त्यावर मांडे भाजले. ज्या मुलखात आजही पाहुणा आला की खापर चुलीवर चढतं, तिथल्या बायकांना हे रडू किती खरं वाटत असेल! ताटीच्या अभंगांत तर उलटच चित्र. थोरला भाऊ लोकांच्या बोलण्याने दुखावून दार लावून बसला आहे, आणि धाकटी बाहेर उभी राहून ‘योगी पावन मनाचा, साही अपराध जनाचा’ असं त्याला समजावते आहे. रुसणारा ज्ञानेश्वर, समजावणारी मुक्ता. आणि मांड्यांच्या वेळी रडणारी मुक्ता, समजावणारा ज्ञानेश्वर. कोण प्रौढ, कोण पोर, हे त्या झोपडीत प्रसंगागणिक बदलतं. सातशे वर्षं लोकांनी हे डोक्यावर घेतलं. एकानेही ‘मानसिक प्रगल्भता वयाशी विसंगत’ असा शेरा मारला नाही.

आधुनिक मराठी कादंबरीनेही सुरुवात काही वाईट केली नव्हती. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली, तेव्हा हरिभाऊंचं वय होतं सव्वीस. सव्वीस वर्षांचा पुरुष यमूच्या तोंडून, ‘मी’ म्हणत, एका मुलीचं बालपण, लग्न, वैधव्य, केशवपन लिहितो आहे. नेमक्या त्याच सुमारास संमतिवयाच्या कायद्यावरून रणं माजली होती. १८९१ साली शरीरसंबंधासाठीची ती वयोमर्यादा दहावरून बारावर आली. सभांमधून लोक दहा की बारा यावर भांडत होते आणि इकडे यमू सांगत होती की त्या वयात आत काय काय चाललेलं असतं. हरिभाऊंची हुशारी अशी की लहान यमूला जे कळत नव्हतं ते मोठी यमू सांगते. हरिभाऊ ते लहान यमूच्या तोंडी घालत नाहीत. वाचकाला दोन वयं एकदम ऐकू येतात. लहान पात्राच्या कथेत शहाणपणाचं वाक्य कुठे ठेवायचं याचं उत्तर एकशे तीस वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे, आपण ते वापरत नाही एवढंच.

साने गुरुजींचं नाव घेतलं की लोकांना आधी अश्रू आठवतात. ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, पण त्याआधीची वर्षं गुरुजींनी आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवण्यात आणि वसतिगृहातल्या मुलांची उस्तवार करण्यात घालवली होती. खरी पोरं त्यांनी रोज जवळून पाहिली होती. म्हणून पुस्तकातला लहान श्याम पुष्कळदा खोडकर, भित्रा, हट्टी आहे. पोहायला नको म्हणून लपून बसतो, आईचा मार खातो. रडतो तो बहुतेक मोठा श्याम, रात्री मित्रांपुढे गोष्ट सांगणारा. नंतरच्या अनुकरण करणाऱ्यांनी मोठ्या श्यामचे अश्रू काढून लहान श्यामच्या डोळ्यांत घातले, आणि लपून बसणं टाकून दिलं. मराठी बालपात्रांचं जेवढं नुकसान या एका अदलाबदलीने केलं तेवढं कशानेच केलं नसेल.

‘कोसला’ १९६३ ची. भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, तेव्हा पंचविशीतले, आणि त्यांचा पांडुरंग सांगवीकर पहिल्याच ओळीत आपण ‘आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा’ असल्याचं सांगतो. वयसुद्धा उदाहरणादाखल! इथे मोठा होऊन मागे वळून पाहणारा कोणी नाही. सांगणाऱ्याचं वय आणि भोगणाऱ्याचं वय यांत अंतर जवळजवळ नाहीच. रूढ मापाने पाहिलं तर पांडुरंग पंचविसाव्या वर्षी पोरकट आहे. परीक्षा, पैसा, करिअर, कशातच धड नाही. सगळ्या जगाची टवाळी. पण धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूपाशी ती टवाळी गळून पडते आणि उरतं ते कुठल्याच वयाच्या खान्यात बसत नाही. ही कादंबरी आज एखाद्या स्पर्धेला आली तर ‘नायक वयाच्या मानाने अपरिपक्व’ असा शेरा तिच्यावर नक्की पडेल, असं मला वाटतं. शेरा मारणाऱ्याच्या कपाटात ती असेलच, ही गोष्ट वेगळी.

आता मोठ्यांकडे वळतो, कारण वयाचा हा हिशेब त्यांच्या बाबतीत अधिक आंधळा आहे. आपल्या कथेत साठी उलटलेलं पात्र पारावर बसलं रे बसलं की शहाणं बोलू लागतं. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणारी भाषा आपलीच ना? मी पाहिलेले निम्मे म्हातारे वाटणीच्या वेळी बांधावरच्या एका निंबासाठी सख्ख्या भावाशी अबोला धरून बसलेले आहेत. त्यांत कोणी वाईट नव्हता. त्या झाडापुरते ते आठ वर्षांचे होते, एवढंच.

समज जागेवरही अवलंबून असते. हे समजायला खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, यावं. लेकी माहेरी येतात. एरवी सासरी जी बाई तीस माणसांचा स्वयंपाक उरकते, सासऱ्याची औषधं, पोरांच्या फिया, दुधाचा हिशेब सगळं डोक्यात ठेवते, तीच निंबाला बांधलेल्या झोक्यावर आधी कोण बसणार म्हणून बहिणीशी भांडते, आईने वाढलेल्या आमरसावर रुसते, दुपारी वाटेत पाय पसरून झोपते. तिचं वय चार दिवसांत बदललेलं नाही. उंबरा बदलला आहे. बहिणाबाई चौधरींची ओळ आहे, ‘लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते’. तेराव्या वर्षी लग्न झालेल्या, तिसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या बाईने हे म्हटलं आहे. लेकीला चार दिवस पोर होता यावं म्हणून आईला बारा महिने मोठं राहावं लागतं. कथेत एखाद्या पात्राचं बालपण दाखवताना ते कोण पुरवतं आहे, हे दाखवणारे लेखक फार थोडे. आणि एखादं पोर अकाली प्रौढ दिसत असेल, तर त्याच्या वाट्याचं मोठेपण कोणी टाकलं, हा प्रश्न विचारणारे परीक्षक त्याहून थोडे.

इथे माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडणं भाग आहे. ‘आमच्या खेड्यातली पोरं लवकर शहाणी होतात’ असं आम्ही ग्रामीण लेखक अभिमानाने सांगतो. त्या अभिमानात एक खोट आहे. नंदुरबारमधल्या अक्राणी-अक्कलकुवा भागातून दिवाळी झाली की ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जोडप्यांनी माणसं जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली. मागे आजीजवळ राहिलेली थोरली मुलगी धाकट्यांना सांभाळते. नाहीतर बरोबर जाते आणि फडाच्या कडेला तान्ह्याला घेऊन बसते. वाचक म्हणतो, ‘किती समंजस!’ हे कौतुक फार सोयीचं आहे. पोर समंजस निघाली म्हणजे तिच्यावर लादलेलं जणू आपोआप फिटलं. वयापेक्षा मोठं मूल दाखवणाऱ्या कथांवरचा हा आक्षेप मला परीक्षकाच्या शेऱ्यापेक्षा कितीतरी वजनदार वाटतो, आणि कोणी तो मोठ्याने घेत नाही याचं नवल वाटतं.

त्याला उत्तर एकच आहे. त्या मुलीचं काय वाढलं नाही, तेही तितक्याच जवळून लिहायचं. ती मागत नाही. जत्रेत नेलं तर फुगे बघते, पण पैसे दिले तरी मीठ घेऊन येते. खेळायला बसवली तर खेळाचे नियम दुसऱ्यांना सांगत राहते, स्वतःचा डाव येऊ देत नाही. आणि तिलाच वीस-पंचवीस वर्षांनी पाहा. संसार, शेत, बचतगट सगळं चोख. पण नवऱ्याने तिला न विचारता टीव्ही घेतला म्हणून ती दोन दिवस जेवत नाही, का जेवत नाही हे तिचं तिलाही सांगता येत नाही. तेव्हा परीक्षक लिहितो, ‘चाळिशीच्या बाईचं वागणं बालिश.’ सुरुवातीला सांगितलेल्या त्या दोन तक्रारी, मूल फार प्रौढ आणि प्रौढ फार पोरकट, पुष्कळदा एकाच माणसाबद्दलच्या असतात. मधली वर्षं वाचलेली नसतात म्हणून त्या दोन वाटतात.

यातून एखादा लेखक मला विचारेल की मग काहीही चालेल का? नाही. पात्र जे जाणतं ते त्याच्या हातापायांनी कुठून आणलं, हे कथेत कुठेतरी दिसलं पाहिजे. बारा वर्षांच्या मुलीला कापलेल्या वजनाचा हिशेब कळतो, कारण वही तिच्याकडे आहे. तिला कापसाचं जागतिक राजकारण कळत असेल तर ते कोणी, कधी, कशासाठी सांगितलं ते दाखवा, नाहीतर काढा. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ या बाबतीत धडा घ्यावा अशी आहे. नववीतल्या मुलाची गोष्ट, आजूबाजूला आणीबाणी. पण आणीबाणी त्या मुलाच्या कानावर जेवढी पडते तेवढीच कथेत येते. लेखकाला जास्त माहीत होतं, तरी त्याने हात आखडला. बोलीचंही तसंच. अहिराणी बोलणारं मूल कमी शब्दांत, तिरकं, रोखठोक बोलतं. तेच प्रमाण भाषेत उतरवलं की एकदम वडीलधारं वाटू लागतं. कित्येकदा मूल प्रौढ नसतं, त्याचं मराठी करताना लेखकाने त्याला कोट चढवलेला असतो.

उरला तो वय वाढवून आणण्याचा सल्ला. शहरातल्या संपादकाला बारा आणि सोळा यांत चार वर्षांचा फरक दिसतो. आमच्याकडे त्या चार वर्षांत एका मुलीचं जग फिरतं. बाराव्या वर्षी ती गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत असते. सोळाव्या वर्षी दहावी झालेली असते, तालुक्याच्या कॉलेजला एसटीने एकटीला पाठवायचं की नाही यावर घरात खल चाललेला असतो आणि कायदा अठरा म्हणत असला तरी मामा एखादं स्थळ सुचवून गेलेला असतो. काट्याशी वही घेऊन बसलेली मुलगी बारा वर्षांची आहे म्हणून मालक हसतो आणि अर्धा किलो परत धरतो. ती सोळाची केली की तो हसत नाही, नीट बघतो. बाकीच्या बायका गप्प होतात. आई मालकाकडे न बघता पोरीला दटावते, “चूप बस वं,” आणि वही तिच्या हातातून काढून घेते. लेखकाला ती कथा लिहायची असेल तर जरूर लिहावी. पण तिच्यासाठी आकडा खोडून भागणार नाही, पहिल्या पानापासून नव्याने बसावं लागेल.